टाके उसवायची परवानगी

२ डिसेंबर

प्रिय एक्स-रेवाली,

आधीच सांगून टाकते, हे पत्र तुझ्या नवऱ्याच्या सांगण्यावरून लिहीत नाहीये. त्याला पत्तासुद्धा नाही. तो इकडे कधीमधी येतो, जेवतो, जातो. त्याचा विषय या पत्रात काढायचाच नाही असं ठरवून बसले होते आणि बघ, सुरुवातच त्याने झाली.

फोन का नाही केला, असं म्हणशील. फोनवर आपल्या दोघींचं दोन मिनिटांत वाजतं. मागच्या वेळी मी नुसतं "पण तो म्हणतो" एवढंच म्हटलं आणि तू म्हणालीस, "तुमची बाजू कळली मला, ठेवते." पत्रात निदान माझं बोलणं मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं.

तर मुद्द्याचं. गेल्या नाताळला एक गाठोडं पाठवलं, मे महिन्यात भिंगरीच्या वाढदिवसाला दुसरं. पोच म्हणून तुझ्याकडून दोन शब्द नाहीत. माझ्यावर राग असेल तर असू दे, मी काही मेणाची नाही. पण पोरीला आवडलं का, अंगाला बसलं का, एवढं तरी कळवायचंस. नात माझी आहे. तुम्हा दोघांचं मोडलं म्हणून ती काही माझी अर्धी झाली नाही.

इथे नाताळची तयारी सुरू झालीय. जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायला जागा नाही. चादरींचे तुकडे बीटच्या पाण्यात आणि चहाच्या पाण्यात रंगवून दोरीवर वाळत घातलेत. बीटचे गुलाबी झाले, चहाचे जरा आजारी दिसतात. शिवणाच्या नमुन्यांच्या पातळ कागदाच्या चांदण्या कापायला तुझ्या नवऱ्यालाच बसवलंय. चार संध्याकाळी सलग कापतोय, अजून एकीची पाचही टोकं सारखी आलेली नाहीत. रिकाम्या रिळांचा केलेला येशूजन्माचा गोठा काढून पुसून ठेवला. भिंगरीने मेंढपाळाच्या डोक्याला तुझ्याकडचं बँडेज बांधलं होतं, ते तसंच ठेवलंय. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, बिचारा अपघात विभागातून थेट बाळाच्या दर्शनाला आला.

तिची उंची कळव. बाहीची लांबीही. आणि नाताळला तिला घेऊन ये. तो त्या दिवशी नसेल, अशी व्यवस्था करते.

तुझी सासू
(माजी असा शब्द मी वापरत नाही)


८ डिसेंबर

प्रिय एक्स-रेवाली,

उत्तर नाही. ठीक आहे. मी मनाला लावून घेतलेलं नाही, हे लक्षात यावं म्हणून लगेच दुसरं पत्र लिहितेय.

काल लोकर आणायला गेले होते. दुकानातली नवी मुलगी फार गोड. म्हणाली, "आजी, भेट द्यायचीय का? चकचकीत कागदात बांधून देते, फुकट आहे." मी म्हटलं, "बाळ, आमच्या घरी कागद चालत नाही." तिला वाटलं आमचा काही धर्माचा नियम आहे. मग तिला सगळं सांगत बसले, मागे रांग लागली तरी.

तुला हे पाठ आहे, पण सांगण्यात मला मजा आली म्हणून पुन्हा ऐक. हॉस्पिटलच्या कापडखात्यात मी कामाला लागले तेव्हा दर नाताळला माझीच पाळी असायची. रुग्णांच्या चादरी काय सण बघून फाटत नाहीत. इकडे घरी हा पठ्ठ्या, तुझा नवरा, तेव्हा एवढासा, सकाळी उठायचा, भेटवस्तूंचे कागद हळूच सोडवून सगळं बघायचा आणि पुन्हा चिकटवून ठेवायचा. मी संध्याकाळी दमून यायचे आणि हा नाटकी तोंड करून म्हणायचा, "अय्या, गाडी!" त्याचे वडील सामील. एका वर्षी मी सगळं कापडात घालून शिवूनच टाकलं, लाल दोऱ्याने, बारीक टाके. म्हटलं, उसवून दाखव. कागद पुन्हा चिकटवता येतो, माझा टाका पुन्हा घालता येत नाही, मी ओळखते. त्या वर्षी दोघे दारात माझी वाट बघत उभे होते. तेव्हापासून नियम: गाठोडं शिवलेलं, आणि देणारं माणूस समोर असल्याशिवाय टाके उसवायचे नाहीत.

ती मुलगी म्हणाली, "किती छान!" मागचे गृहस्थ म्हणाले, "बाई, बिल करा."

तू लग्न होऊन आलीस त्या पहिल्या नाताळला तुला माझं गाठोडं उसवता येईना. चार जणांची हाडं बघून दिवस काढणारी तू, आणि लाल दोऱ्यापुढे हात टेकलेस. भिंगरीला मात्र तीन वर्षांची असल्यापासून जमतं.

यंदा तू आली नाहीस तर टेबलाशी मी आणि रिळांचे मेंढपाळ. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहिलेलं नाही. बरं, थोडं तेवढ्यासाठीच लिहिलंय.

उंची कळव.

सासू


१३ डिसेंबर

अगं,

तुझं पत्र आलं. जिन्यातच उघडलं, चष्मा वर राहिला होता म्हणून शेजारच्या शिंप्याकडून वाचून घेतलं. तो वाचता वाचता हसायला लागला आणि मी रडायला. मग वर येऊन चष्मा लावून पुन्हा वाचलं.

दोन्ही गाठोडी कपाटावर! जशीच्या तशी! आणि मी वर्षभर काय काय मनात आणत होते. फेकली असतील, कुणाला देऊन टाकली असतील, पोरीला दाखवलीसुद्धा नसतील. एकदा तर मी तुझ्याशी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने भांडले होते, तू तिथे नसताना. आणि इकडे ती कार्टी तुला हात लावू देत नाही, म्हणते, आजी समोर नसताना टाके उसवले तर ती चोरी होते. आठ वर्षांची पोर, वर्षभर कपाटाकडे बघत राहिली. मला आधी फार अभिमान वाटला.

आणि मग आठवलं. अगं, नाताळच्या गाठोड्यात बिस्किटं आहेत! स्वेटरच्या घडीत, डबा न घालता, नुसत्या कागदी पिशवीत! ताबडतोब बघ, मुंग्या लागल्या असतील. स्वेटर आता तिच्या कोपरापर्यंत येईल. वाढदिवसाच्या गाठोड्यात बाहुलीची गादी, उशी आणि चादर आहे, ते चालेल. बाहुल्या वाढत नाहीत.

आता तू लिहिलेल्या बाकीच्या गोष्टी.

पत्राच्या वर तू "आई" नाही, "मावशी" लिहिलंस. आधी खट्टू झाले. मग वाटलं, तू मला मावशीच म्हणायचीस. एक्स-रे खात्याच्या शेजारी माझं कापडखातं, दुपारचा डबा तू माझ्या इस्त्रीच्या टेबलावर खायचीस, फाटका एप्रन आणून टाकायचीस आणि म्हणायचीस, "मावशी, इज्जत वाचवा." तुला मी त्याच्या आधीपासून ओळखते. तो तुला भेटला तो माझा डबा घेऊन आला म्हणून. त्यामुळे तो गेला तरी मी का जायचं, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

तू म्हणतेस, कधीमधी येणारा माणूस सलग चार संध्याकाळी चांदण्या कापतो का? नाही कापत. तो ऑगस्टपासून माझ्याकडेच आहे, बाहेरच्या कोचावर. त्या दुसऱ्या बाईचं आणि त्याचं संपलं. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, पेटी घेऊन दारात आला. काय करणार होते मी?

आणि तू म्हणतेस, मी मुद्दाम शिवून पाठवते, म्हणजे तुम्हाला यावंच लागावं. हा माझ्यावर अन्याय आहे. मी शिवते कारण मला दुसरं काही येत नाही.

जानेवारीत तुझी दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात बदली, हे मला असं शेवटच्या ओळीत कळावं? सामान बांधायचंय म्हणून मी भिंगरीला सांगावं की उघड बाई एकदाची? सांगेन की. जरूर सांगेन. समोर बसून सांगेन. पंचवीस तारखेला या दोघी, गाठोडी घेऊन या, मी तिच्यासमोर बसते, ती उसवेल. त्याला दिवसभर सिनेमाला पाठवते. तीन सिनेमे बघेल.

मावशी, आई, तुला जे म्हणायचं ते


१८ डिसेंबर

तुझा दोन ओळींचा निरोप फोनवर मिळाला. "आम्ही येणार नाही. कृपया तिला उघडायला सांगा." कृपया! मला कृपया!

त्याने भिंगरीला शाळेच्या कार्यक्रमाला येतो म्हणून दोनदा फसवलं, ती फाटकाशी उभी राहिली, हे मला माहीत आहे. ते त्याने केलं. मी कुणाला फाटकाशी उभं केलेलं नाही.

परवानगी देणार नाही. माझा नियम, माझा टाका. पोरीला एवढी एकच गोष्ट माझ्याशी बांधून ठेवते आणि ती मी माझ्या हाताने सोडू? कपाट हलवताना गाठोडी खाली पडली की आजीची आठवण येईल, नाही तर तीही यायची नाही.

रागात लिहिलंय. तरीही टाकतेय पेटीत.


२० डिसेंबर

प्रिय मुली,

परवाचं पत्र पोचलं असेल. ते परत मागता येत नाही, म्हणून हे.

काल दुपारी मी भिंगरीसाठी नवीन गाठोडं शिवायला बसले होते. गुलाबी तुकडा, आत लोकरीची टोपी. म्हटलं, येवो न येवो, पाठवायचं. चिरंजीव समोर चांदण्या कापत होता. मग खिशातून एक पाकीट काढून त्याने माझ्यापुढे सरकवलं.

"आई, हे आत घालून शिव."

"काय आहे?"

"तिला लिहिलंय. टपालाने पाठवलं की ती न उघडता परत पाठवते. तुझ्या गाठोड्यातून गेलं तर भिंगरीसमोर निघेल. पोरीसमोर काय नाही म्हणणार आहे? मग वाचावंच लागेल."

मी पाकिटाकडे बघत राहिले. हे बोलणं मला ओळखीचं वाटलं. यावंच लागावं, वाचावंच लागेल. तू मला लिहिलं होतंस तेव्हा मी अन्याय म्हणून हात झटकले होते. आणि आता तेच पोराच्या तोंडून ऐकलं. कुणाकडून शिकला असेल, हे विचारायची गरज नव्हती. माझ्याच हातात सुई होती.

मी म्हटलं, "नाही शिवणार."

"का?"

"ती नको म्हणतेय म्हणून."

"तू माझी आई आहेस की तिची?"

"तुझीच आहे रे बाबा. म्हणून तर तोंडावर सांगतेय. तुला बोलायचं असेल तर तिच्या दारात जा आणि नको म्हणाली तर परत ये. पोरीच्या टोपीआड लपून जाऊ नकोस."

तो उठला. कात्री टेबलावर आपटली नाही, हळूच ठेवली. ते मला जास्त लागलं. जेवायला आला नाही. त्याची बाजू मी घेते असं तुला वाटतं ना? काल संध्याकाळी मी कुणाच्याच बाजूची नव्हते. भाजी एकटीने खाल्ली. खारट झाली होती.

तो वाईट नाही गं. हे मी तुला पटवायला लिहीत नाही. मला लिहावंसं वाटलं, लिहिलं. त्याच्यासाठी मी तुला परत काही मागणार नाही.

सोबत भिंगरीसाठी वेगळा कागद आहे. आधी तू वाच. चालेल असं वाटलं तर तिला दे. टोपी मी न शिवता, साध्या पिशवीत घालून पाठवतेय. तोंडसुद्धा बांधलेलं नाही.

मावशी


(भिंगरीसाठी)

माझ्या भिंगरे,

तू वर्षभर गाठोडी उघडली नाहीस, असं कळलं. तुझ्यासारखी शहाणी पोर मी पाहिली नाही, आणि तुझ्या आजीसारखी वेडी आजीही नाही.

आता नीट ऐक. तो नियम मी केला होता, कारण तुझा बाबा लहानपणी लबाडी करायचा. तू लबाड नाहीस. तुला नियम लागू नाही. मी समोर नसले तरी टाके उसवायचे. चोरी होत नाही. मी सांगतेय ना?

कात्री आईकडून घे, टोकदार नको, लहान. पहिला टाका कोपऱ्यातला काप, जिथे दोऱ्याची गाठ आहे. मग एक सोडून एक. कापड ओढायचं नाही, दोरा आपोआप सुटतो. कापड फेकू नकोस, बाहुलीला होईल. बिस्किटं अजिबात खायची नाहीत. वास आला तर नाक धर आणि आईला हाक मार.

आई दमली असेल तर तिला आग्रह करू नकोस. आजीकडे जाऊया, आजीकडे जाऊया असा घोशा लावायचा नाही. आजी आहे तिथे आहे. मोठी झालीस की वाटेल तेव्हा ये, आणि नाही वाटलं तरी आजी रागावणार नाही. टोपी कानांवरून ओढून घ्यायची.

तुझी आजी


२६ डिसेंबर

प्रिय एक्स-रेवाली,

काल काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस. पण माझ्या बाजूला काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

जेवण झालं होतं. आम्ही मायलेक समोरासमोर, चांदण्यांखाली बसलो होतो. फोन वाजला. तुझं नाव बघून मला वाटलं, कुणाला काही झालं. तर भिंगरी. "आजी, आईने फोन टेबलावर ठेवलाय. मी आता उसवणार आहे. तू बोलू नको, मला मोजायचं असतं. फक्त श्वास घेत राहा, म्हणजे मला कळेल तू आहेस."

तू भांडी घासायला गेल्याचं दाखवलंस. नळ बंद होता, बाई. मला सगळं ऐकू येत होतं.

मी श्वास घेत राहिले. इतक्या वर्षांत श्वास घ्यायचं काम मला कुणी दिलं नव्हतं. कात्रीचा आवाज येत होता, एक सोडून एक, बरोबर सांगितलं तशी. मध्ये एकदा म्हणाली, "आजी, जोरात घे ना, कळत नाहीये." मी भात्यासारखी सुरू झाले. मग कापड उलगडल्याचा आवाज, आणि मग तिची किंकाळी, आणि मग तू. "मावशी, हे काय आहे? ही बिस्किटं आहेत की दगड?" आणि तू हसलीस. अगं, तुझं हसू मी विसरले होते. तू हसताना नाकातून आवाज काढतेस. इस्त्रीच्या टेबलावर काढायचीस तसाच.

तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. भिंगरीने विचारलं, "बाबा आहे का तिथे?" त्याने मला खुणेने नको नको केलं. खोटं बोलले असते तर कुणाला कळणार होतं? पण त्या पोरीशी खोटं बोलणारी माणसं आधीच पुरेशी आहेत. म्हटलं, "हो गं, आहे. दारात उभा आहे." मग भिंगरी म्हणाली, "त्याला सांग, स्वेटर मला लहान झाला."

मी सांगितलं. त्याने ऐकलंच होतं. बाहेर गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. हे तुला सांगायचं की नाही, याचा विचार केला. सांगितलं. त्याचं तू काय करायचं ते तू बघ, काही केलं नाहीस तरी चालेल.

आणि मग तू फोन हातात घेतलास. मला वाटलं, आता थँक्यू म्हणेल आणि ठेवेल. तू म्हणालीस, "मावशी, नव्या घराच्या खिडक्या फार मोठ्या आहेत. पडद्यांचं माप मला घेता येत नाही. याल का? दोन दिवस राहावं लागेल." आणि मी मूर्खासारखी म्हणाले, "कापड कोणतं घेतेयस?" कापड! तू मला घरी बोलावतेयस आणि मी कापड विचारतेय. तुला वाटलं असेल म्हातारीला कळलंच नाही. कळलं होतं. बोलता येईना, म्हणून कापड विचारलं.

आज सकाळी त्याला सांगितलं, मी जाणार आहे. चहा ओतत होता. खाली बघून म्हणाला, "मी यायला नको ना?" त्याच्या जन्मापासून त्याला नाही म्हणायचं झालं की मी आधी दहा गोष्टी इकडच्या तिकडच्या बोलते. या वेळी नुसतं "नको" म्हटलं. त्याने मान हलवली. मग म्हणाला, "बॅग बसस्टँडपर्यंत तरी उचलू?" मी हो म्हटलं. तेवढं तू चालवून घे.

खिडक्या किती रुंद आहेत ते आधी कळवू नकोस, मी स्वतः मोजते. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी सकाळच्या गाडीने निघते. एकटी येते.

मावशी